पालकमंत्री महोदय, जलवाहिनी वेशीपर्यंत आली. आता गावातल्या नळाकडे पाहा

प्रति,
मा. पालकमंत्री,
सोलापूर जिल्हा

महोदय,

उन्हाळा लागला की सोलापूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. पंपगृहाचा वीजपुरवठा खंडित झाल्याने शहराचा पाणीपुरवठा एक दिवस उशिरा. बातमी चार ओळींची असते. त्या चार ओळींमुळे कुठे चौथ्या दिवसाची पाळी पाचव्यावर जाते, कुठे पाचव्याची सहाव्यावर. शहराच्या पूर्वभागात विडी वळणारी बाई पाण्यासाठी थांबली की तिचा त्या दिवसाचा हजार विड्यांचा हिशेब चुकतो. कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार खाडा करतो. हे दर उन्हाळ्यात घडते, आणि वळवाच्या वाऱ्यात तर आठवड्यात दोनदाही घडते.

महापालिकेला विचारावे तर वीज नव्हती. महावितरणला विचारावे तर वादळ होते. जलसंपदा खाते म्हणते, धरणातून पाणी सोडलेले आहे. तिघेही खरेच सांगत असतात. तरी नळ कोरडा असतो आणि त्या कोरड्या नळाचे उत्तर देणे हे कुठल्याच एका खात्याचे काम नसते. म्हणून हे पत्र एखाद्या अधिकाऱ्याला न लिहिता आपल्याला, आणि सगळ्यांना वाचता येईल असे लिहीत आहोत.

आम्ही पाणी, वीज आणि केबल या तीन कामांतली माणसे आहोत. काही निवृत्त अभियंते, काही प्लंबर, काही मोटर भरणारे, काही रस्त्यात केबल टाकणारे. आमची घरे याच शहरात आहेत, गावठाणातही आणि हद्दवाढीतही. यंत्रणा आतून कशी चालते आणि कुठे अडते हे आमच्या रोजच्या हातातले आहे, आणि त्याच आधारावर आम्ही बोलत आहोत.

आमचे म्हणणे एकच आहे. उजनी धरणापासूनच्या १७० एमएलडीच्या (रोज १७ कोटी लिटरच्या) समांतर जलवाहिनीमुळे गावाच्या वेशीपर्यंत जादा पाणी येईल, याबद्दल वाद नाही. पण नळाला रोज पाणी यायचे तर पंपाची वीज, वेशीच्या आतली वितरण व्यवस्था आणि लोकांना मिळणारी माहिती ही तीन कामे एकत्र, एका ठरलेल्या माणसाच्या जबाबदारीवर झाली पाहिजेत. धरण जलसंपदाकडे, नळ महापालिकेकडे म्हणजे नगरविकास खात्याकडे, वीज ऊर्जा खात्याच्या कंपनीकडे, रस्ता खोदायची परवानगी आणखी कुणाकडे. ही सगळी खाती एका टेबलाभोवती बसवण्याचा अधिकार जिल्ह्यात फक्त आपल्याला आहे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण आहात, आणि उजनीच्या पाण्याचे आवर्तन ठरते तेव्हाही आपला शब्द चालतो. विमानसेवेसाठी सगळी खाती एका मागणीमागे लागली आणि २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून विमान उडाले. पाण्यासाठी तसे एकदाही झालेले नाही.

आधी पाण्याचा हिशेब

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांखाली तळाशी राहणारे पाणी. शहराला रोज १८० एमएलडी म्हणजे १८ कोटी लिटर पाणी लागते असे धरले तर वर्षाला होतात ६,५७० कोटी लिटर, म्हणजे साधारण २.३ टीएमसी. धरणाच्या मानाने हा आकडा लहान आहे. सोलापूरला पाणी कमी पडते ते उजनीत पाणी नाही म्हणून, हे बहुतेक वर्षांना लागू पडत नाही.

मग एवढी ओढाताण कशासाठी? शहराचा एक हिस्सा भीमेवरच्या टाकळी बंधाऱ्यातून उचलला जातो, आणि तो बंधारा भरण्यासाठी धरणातून नदीत पाणी सोडावे लागते. ते पाणी पंढरपूर, मंगळवेढा ओलांडून नदीच्या पात्राने येते. वाटेत वाळूत मुरते, उन्हाने उडते, डोहांत आणि वाटेतल्या बंधाऱ्यांत अडते, काठावरच्या मोटारी उचलतात. शहराच्या पंपांपर्यंत जेवढे पोहोचते त्याच्या कित्येक पट सोडावे लागते. ते पोहोचावे म्हणून नदीकाठच्या शेतीपंपांची वीज तोडली जाते आणि शेतकरी व शहर यांच्यात दरवर्षी विनाकारण भांडण लागते.

समांतर जलवाहिनीचा खरा फायदा इथे आहे. बंद नळातून येणारे पाणी वाटेत मुरत नाही. त्यामुळे आमचा पहिला प्रश्न असा: ही वाहिनी पूर्ण दाबाने चालू असताना पिण्यासाठी म्हणून नदीत किती पाणी सोडावे लागेल, आणि वाचलेल्या पाण्यावर हक्क कोणाचा? हा आकडा लिखित जाहीर करा. काठावरच्या शेतकऱ्यालाही तो हवा आहे.

दुसरा प्रश्न लगेच त्याला जोडून येतो. जलवाहिनीतून येते ते कच्चे पाणी. ते पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते, तुरटी पडते, गाळ बसतो, वाळूच्या गाळणीतून उतरते, क्लोरीन लागते आणि मगच शहराकडे निघते. शुद्धीकरणाची क्षमता वाहिनीपेक्षा कमी असेल तर वाहिनी कितीही मोठी असो, नळाला मिळणार तेवढेच. क्षमतेपेक्षा जास्त पाणी गाळणीवर घातले तर गढूळपणा खाली उतरतो, गाळणी लवकर तुंबते आणि दिवसातून अधिक वेळा उलट धुवावी लागते. त्या धुण्यात पुन्हा पाणी जाते. म्हणून कच्च्या पाण्याची क्षमता, शुद्धीकरणाची क्षमता आणि शुद्ध पाणी पुढे ढकलणाऱ्या पंपांची क्षमता हे तीन आकडे शेजारी शेजारी छापा. तिघांतला सगळ्यात लहान आकडा तोच शहराचा खरा पुरवठा.

वीज दहा मिनिटे जाते, पाणी एक दिवस का जाते

हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने लिहितो.

उजनीतून निघालेली वाहिनी शंभर किलोमीटरहून लांब आहे. पंप बंद पडला की त्या नळातले हजारो टन पाणी क्षणात थांबत नाही. ते पुढे जात राहते, मागे पोकळी तयार होते, मग पाणी उलटे फिरून येते आणि पंपाच्या बाजूला जोराचा दणका बसतो. आमच्या कामात याला वॉटर हॅमर म्हणतात. एअर व्हॉल्व्ह (वाहिनीतली हवा आत-बाहेर सोडणारी झडप) आणि दाब सोसणारी टाकी नीट असली तर तो दणका शमतो. एअर व्हॉल्व्ह गंजून बसला असेल, किंवा शेताला पाणी मिळावे म्हणून कुणी त्याच्याशी खेळले असेल, तर दणका सांध्यावर जातो. वीज गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी वाहिनी फुटल्याची बातमी येते त्यामागे पुष्कळदा हेच असते.

वीज परत आली तरी सगळे पंप एकदम चालू करता येत नाहीत. एवढ्या मोठ्या मोटारीला सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट लागतो. गरम मोटार लागोपाठ दोन-तीनदा सुरू केली तर वाइंडिंग जळते. म्हणून एक पंप, मग थांबा, मग दुसरा. त्यातच वाहिनीत शिरलेली हवा हळूहळू बाहेर काढावी लागते. घाई केली तर पुन्हा दणका. वाहिनी पूर्ण दाबावर आली की पाकणीची गाळणी पुन्हा लयीत येते, मग शुद्ध पाण्याची टाकी भरते, मग शहरातले जलकुंभ भरू लागतात. तोवर ज्या पेठेची वेळ सकाळी सहाची होती तिचे पाणी रात्री सुटते आणि तिच्यानंतरची पेठ दुसऱ्या दिवसावर जाते. जलकुंभांत राखीव साठा नसतो, कारण जे भरते ते लगेच सोडावे लागते. एका साखळीत मोकळीकच उरलेली नाही, म्हणून दहा मिनिटांचा झटका थेट घरापर्यंत पोहोचतो.

यातले बरेचसे थांबवता येते, आणि त्यातला काही भाग अगदी थोड्या खर्चात. पंपगृहातला अंडर व्होल्टेज रिले, म्हणजे व्होल्टेज उतरले की पंपाची वीज तोडायला लावणारे उपकरण, डोळा लवेपर्यंत विजेचा दाब कमी झाला तरी ब्रेकर पाडतो. दूर कुठेतरी फांदी तारेला लागली, व्होल्टेज क्षणभर बसले, वीज गेलेलीच नाही, तरी पंप बंद. त्या रिलेला मोटारीच्या आणि यंत्रणेच्या सुरक्षेत बसेल एवढा सेकंद-दोन सेकंदांचा विलंब लावता येतो. महावितरणचे टेस्टिंग विभागाचे अभियंते आणि महापालिकेचे विद्युत अभियंते एक दिवस एकत्र बसले, गेल्या वर्षातल्या प्रत्येक ट्रिपिंगची, म्हणजे पंपाची वीज आपोआप तुटण्याची, नोंद पुढे ठेवली, तर किती ट्रिपिंग खऱ्या बिघाडाची आणि किती रिलेच्या चुकीच्या सेटिंगची हे कळेल. हे काम निविदेचे नाही.

खर्चाचे काम दुसरे. पंपगृहाला एक्स्प्रेस फीडर, म्हणजे उपकेंद्रातून थेट आलेली स्वतंत्र वीजवाहिनी, आहे एवढ्याने भागत नाही. दुसरा फीडर वेगळ्या उपकेंद्रातून, वेगळ्या वाटेने आलेला हवा. एकाच खांबांवरून दोन फीडर आणले तर खांब पडला की दोन्ही जातात. आणि एकावरून दुसऱ्यावर जाणे आपोआप झाले पाहिजे. रात्री दोन वाजता लाइनमनला फोन लावून, तो मोटारसायकलवर येऊन स्विच टाकेल, ही व्यवस्था दहा लाख वस्तीच्या शहराला पुरत नाही.

देखभालीची वेळही चुकते. वळवाचे वारे आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सुटतात. पावसाळापूर्व कामे मात्र मे अखेरीस धरली जातात. तडा गेलेले पिन इन्सुलेटर, सैल जंपर, तारेला लागणाऱ्या बाभळी आणि लिंबाच्या फांद्या, हे सगळे पंपगृहाच्या फीडरवर तरी मार्चअखेर संपायला हवे.

पाणी भरपूर, तरी शेवटचे घर कोरडे

आता वेशीच्या आत येऊ. आमच्या मते खरे दुखणे इथे आहे, आणि आढावा बैठकीत सगळ्यात कमी वेळ याच विषयाला मिळतो.

घरातली माणसे पाच, माणशी १३५ लिटर हे शासनाचे मान, आणि पाणी पाचव्या दिवशी. म्हणजे त्या घराला एका पाळीत ३,३७५ लिटर भरून ठेवायचे आहे. दोनशे लिटरचे बॅरल धरले तर सतरा बॅरल. एका खोलीच्या घरात सतरा बॅरल कुठे ठेवणार? ज्याच्याकडे हौद आणि गच्चीवर टाकी आहे तो भरतो; ज्याच्याकडे नाही तो दुसऱ्या दिवसापासून बोअरच्या खाऱ्या पाण्यावर किंवा विकतच्या जारवर. पाणी सगळ्यांना सारखे सुटते, पण ते साठवण्याची ऐपत सारखी नाही.

नळांचेही तसेच. वितरण नलिका आखताना सरासरी मागणीच्या अडीच-तीन पट प्रवाह धरतात, कारण सकाळी सगळे एकदम नळ सोडतात. आता पाच दिवसांची म्हणजे १२० तासांची मागणी तीन तासांत द्यायची ठरवली तर प्रवाह सरासरीच्या चाळीस पट व्हायला हवा. नळात प्रवाह दुप्पट केला तर घर्षणात जाणारा दाब साडेतीन पटींहून जास्त वाढतो. चाळीस पटीला कुठलाच नळ पुरणार नाही. म्हणून जलकुंभाजवळच्या घरात नळ फुटेल एवढे पाणी येते आणि टोकाच्या घरात धार करंगळीएवढी. हद्दवाढीत हे जास्त दिसते. १९९२ मध्ये शहराची हद्द ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरवर गेली. वस्ती पसरली, पण वाट्याला आल्या त्या लांबच लांब नेलेल्या बारीक नळांच्या शेपट्या.

मग लोक काय करतात तेही आम्हाला माहीत आहे, कारण ते काम आमच्याकडूनच करून घेतात. दारात तीन फूट खड्डा खणतात, नळ रस्त्याच्या पातळीखाली घेतात, खड्ड्यात उतरून तपेल्याने पाणी उपसतात. ज्यांना परवडते ते अर्ध्या किंवा एक एचपीची मोटर थेट नळाला लावतात. एका गल्लीत दहा मोटारी लागल्या की अकराव्या घरात हवा येते. मग अकरावाही मोटर आणतो. ही मोटर पाण्याबरोबर आजूबाजूचेही ओढते. नळ चार दिवस रिकामा पडलेला असतो, त्याचा सांधा गटाराच्या अंगाला झिरपत असतो. मोटर चालू झाली की नळातला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि गटाराचे पाणी आत येते. पाळीच्या सुरुवातीला येणारे पिवळसर, वास मारणारे पाणी म्हणजे हेच. शुद्धीकरण केंद्रातला नमुना निर्दोष असतो, आणि तरीही घरात जुलाब होतात. भरून ठेवलेल्या पाण्यातले क्लोरीन दिवसा-दोन दिवसांत उडते आणि डेंगीचा डास अंड्यापासून पूर्ण व्हायला आठ-दहा दिवस घेतो. पाळी पाच दिवसांची असली की बॅरल पूर्ण रिकामे करून घासण्याचे धाडस कुणी करत नाही.

मोटारी जप्त करण्याची मोहीम दरवर्षी निघते. मोटर हे दाब नसल्याचे लक्षण आहे. शासनाच्याच १९९९ च्या मानकाप्रमाणेही एकमजली वस्तीत नळाच्या टोकाला किमान सात मीटरचा दाब, म्हणजे पाणी सात मीटर वर चढेल एवढा, असला पाहिजे, दुमजलीला बारा. सात मीटर दाब मिळाला तर जमिनीवरची टाकी मोटरीशिवाय भरते आणि मोटर आपोआप माळ्यावर जाते. पाणी सुटण्याच्या वेळी त्या भागाची वीज बंद करणे हा उपाय तर साखर पेठ किंवा अशोक चौकासारख्या मागांच्या वस्तीत करताच येत नाही. माग थांबला की ताणा सुटतो आणि मजुरी बुडते.

पाणी सोडण्यासाठी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या चावीवाल्यांबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण शिव्या त्यांनाच खाव्या लागतात. वितरणातला स्लूस व्हॉल्व्ह (नळातले पाणी रोखणारी झडप) हा क्वचित उघड-बंद करण्यासाठी बनवलेला असतो. आपल्याकडे तो रोज फिरतो. गॅस्केट आणि ग्लँडचे पॅकिंग झिजते, स्पिंडल वाकते, शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि एका पेठेचे पाणी दुसऱ्या पेठेत गळत राहते. त्यात रस्ता नव्याने डांबरला किंवा काँक्रीट झाला की चेंबरचे झाकण खाली गाडले जाते. मग व्हॉल्व्ह कुठे आहे हे फक्त त्या चावीवाल्याच्या डोक्यात उरते, आणि तो निवृत्त झाला की तेही जाते. प्रत्येक व्हॉल्व्हची जागा, व्यास, फिरण्याची दिशा आणि आटे नकाशावर नोंदवणे हे आमच्या दृष्टीने कुठल्याही मोठ्या डिजिटल प्रकल्पाआधीचे काम आहे.

हे जमते, आणि शेजारी जमलेले आहे

बेळगाव, हुबळी-धारवाड आणि आपल्या शेजारच्या कलबुर्गी शहरातल्या निवडक वस्त्यांत २००८ मध्ये चोवीस तास पाणी सुरू झाले. आपल्या राज्यात कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून ते करून दाखवले. ओडिशातील पुरी शहरात २०२१ मध्ये नळाचे पाणी थेट पिता येईल अशी योजना सुरू झाली. या ठिकाणी आधी छोटा भाग वेगळा काढून नळ घट्ट केले गेले. जादा पाणी गळक्या नळात जास्त वेळ सोडले तर गळतीच जास्त वेळ चालते, ही साधी गोष्ट त्यांनी आधी धरली.

काम कसे करायचे तेही लिहितो. एक जलकुंभ घ्या, ज्याच्याखाली दीड ते अडीच हजार नळजोडण्या असतील असा. त्याच्या भागाच्या सीमेवरचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून तो शेजाऱ्यांपासून खरोखर वेगळा झाला का ते तपासा. इथेच निम्मे प्रयोग फसतात, कारण नकाशात नसलेली एखादी जुनी जोडणी निघतेच. जलकुंभाच्या बाहेर पडणाऱ्या नळावर मोठा मीटर बसवा. रात्री दोन ते चार, लोक झोपलेले असताना, पाणी चालू ठेवून मीटर वाचा. त्या वेळी जे वाहते त्यातले बहुतेक गळतीचे. मग एकेक गल्ली बंद करत जा. मीटर जिथे एकदम उतरतो तिथे गळती. ऐकण्याच्या काठीने जागा पक्की करा आणि खोदा. बहुतांश गळती मुख्य नळात नसते, ती फेरूल (मुख्य नळावरचा घरजोडणीचा सांधा) आणि तिथून घरापर्यंत आलेल्या गंजक्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपात असते. तो तुकडा एमडीपीईचा, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिक पाइपाचा, टाका. जोडण्या मोजा, बिनपावतीच्या जोडण्या दंडाची भीती न घालता नियमित करून घ्या. एवढे झाले की त्या भागाला आधी रोज, मग अधिक तास पाणी द्या.

घरोघरचे मीटर मात्र त्यानंतर. नळ रिकामे पडत असताना मीटर बसवला तर पाण्याआधी सुटणारी हवा त्याचा काटा फिरवते आणि गाळ त्याची चाळणी तुंबवतो. लोकांना हवेचे बिल जाते, लोक मीटर फोडतात आणि मीटर हा शब्दच बदनाम होतो. स्मार्ट मीटरलाही हे सुटत नाही.

रस्त्यातली खोदाई

फायबर केबल शहराला हवीच आहे. आयटीतल्या मुलांनी पुण्याला जाऊ नये असे आम्हालाही वाटते. पण आडवे भोक पाडणारे यंत्र दीड मीटर खोलीवरून आंधळेपणाने जाते, आणि तिथेच गावठाणातले जुने बिडाचे आणि एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंटचे) पाइप आहेत. पाइप जिथे फुटतो तिथे पाणी वर येईलच असे नाही. ते केबलच्या नळीतून वाहत जाऊन नाल्यात पडते आणि महिनोन्महिने कुणाला दिसत नाही. केंद्राचे कॉल बिफोर यू डिग हे ॲप मार्च २०२३ पासून आहे, आणि दूरसंचार मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. साधने आहेत. खोदण्याआधी पाणी विभागाला सूचना, त्यांचा माणूस जागेवर, काम झाल्यावर त्या गल्लीत पाण्याचा दाब तपासणे, आणि तोवर अनामत रक्कम अडवून ठेवणे, हा क्रम सक्तीचा करा.

माहिती द्या

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नववे आले. मिशन ३१ मार्च २०२५ ला संपले. या काळानंतरही आपल्या गल्लीत पाणी कधी सुटणार हे माणसाला चावीवाल्याच्या फोनवरून किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निरोपावरून कळते.

आम्हाला नवे ॲप नको. महापालिकेच्या संकेतस्थळावर रोज भरला जाणारा एक तक्ता पुरे. प्रत्येक जलकुंभासमोर पाच रकाने: पाण्याची पातळी, व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, टोकाच्या घरातला दाब, आणि टोकाच्या नळावरच्या ओटी चाचणीत (रंगावरून क्लोरीन मोजण्याच्या) आढळलेले क्लोरीन. क्लोरीन प्रतिलिटर ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेले असेल तर तेही लपवू नका. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी हाच तक्ता विभागीय कार्यालयाच्या फळ्यावर लावा, आणि पूर्वभागासाठी तेलुगू व उर्दूतही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे असली माहिती न मागता देणे हे प्रशासनाचे कर्तव्यच आहे.

तक्रारींचेही एक सांगतो. ऑनलाइन तक्रार टाकली की काही दिवसांनी तिच्यापुढे ‘निकाली’ असे दिसते आणि नळ तसाच असतो. तक्रारदाराच्या मोबाइलवर आलेला ओटीपी घेतल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये. एवढा बदल केला तरी खरी संख्या समोर येईल.

आमच्या मागण्या

१. सोलापूरच्या पाण्यासाठी महापालिका, महावितरण, जलसंपदा आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरण यांची एकत्र बैठक आपण स्वतः दरमहा घ्यावी, इतिवृत्त जाहीर करावे, आणि पुरवठा चुकला तर उत्तर देणारा एक अधिकारी पदनामासह नेमावा.

२. कच्चे पाणी, शुद्धीकरण आणि शुद्ध पाण्याचे पंप या तिघांची क्षमता आणि नदीतून सोडायच्या पाण्याचे प्रमाण तीस दिवसांत जाहीर करावे.

३. सर्व पंपगृहांच्या गेल्या वर्षभरातल्या ट्रिपिंगची संयुक्त तपासणी साठ दिवसांत व्हावी. दुसऱ्या उपकेंद्रातून स्वतंत्र मार्गाने येणाऱ्या फीडरला आणि आपोआप बदलणाऱ्या स्विचला निधी द्यावा. पंपगृहाच्या फीडरची देखभाल ३१ मार्चपूर्वी संपवावी.

४. गावठाणातला एक आणि हद्दवाढीतला एक असे दोन जलकुंभ निवडून वर लिहिलेल्या पद्धतीने एका वर्षात रोज पाणी देऊन दाखवावे. हद्दवाढीतला भाग टोकाचा निवडावा, सोयीचा नको. त्यांचे रात्रीच्या मीटरचे आकडे दर आठवड्याला जाहीर व्हावेत.

५. व्हॉल्व्ह आणि नळांचा नकाशा पूर्ण होईपर्यंत आणि चेंबर रस्त्याच्या पातळीला आणल्याशिवाय कुठल्याही रस्त्याच्या काँक्रिटीकरणाचे अंतिम बिल काढू नये. खोदाईचा वर सांगितलेला क्रम परवानगीच्या अटींत घालावा.

६. जलकुंभांचा रोजचा तक्ता आणि ओटीपीनेच बंद होणारी तक्रार ही दोन कामे तीन महिन्यांत सुरू व्हावीत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली नळजोडणी देण्याची मुदत ठरवता येते, तर जाहीर केलेल्या वेळी पाणी सोडणे हीदेखील सेवा म्हणून अधिसूचित करावी.

७. मोटर जप्तीआधी त्या गल्लीचा दाब मोजून नोंदवावा. दाब सात मीटरपेक्षा कमी आढळला तर आधी तो सुधारावा, मग कारवाई करावी.

यातली दुसरी, सहावी आणि सातवी मागणी पैशाची नाही, आदेशाची आहे. तिसऱ्या मागणीतली तपासणीही तशीच. ती चार कामे आपण या महिन्यात सुरू करू शकता.

सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळे खोदून घेतले, त्या गावचे आम्ही लोक आहोत. पाण्याचे काम हे सगळ्यांनी मिळून करायचे काम आहे असे आम्ही मानतो. जलकुंभ वेगळा काढणे, रात्रीचा मीटर वाचणे, व्हॉल्व्ह शोधणे, रिलेची तपासणी, यांतल्या कुठल्याही कामाला आम्ही आमचा वेळ मोबदल्याशिवाय द्यायला तयार आहोत. महापालिकेच्या तरुण अभियंत्यांबरोबर रस्त्यावर उभे राहून काम करू.

पुढच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर या सात मागण्या घ्याव्यात, आणि ज्या मान्य नाहीत त्या का नाहीत हे लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
सोलापुरातील पाणी, वीज व केबल कामांतले काही अभियंते आणि तंत्रज्ञ